तीनशे एकोणसाठ दात

अंबरनाथला आनंदनगरच्या बाजूला माझं गिअर कटिंगचं वर्कशॉप आहे. मशीनवर आता मी क्वचितच उभी राहते, गुडघे कुरकुरतात. स्टूल टाकून बसते आणि मशीन चालवणाऱ्या इस्माईलभाईंना सल्ले देते. ते ऐकत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. नाक्यावरचे रिक्षावाले मला 'दातवाली बाई' म्हणून ओळखतात. त्यावरून एकदा गंमत झाली. शिवमंदिराकडच्या एक आजीबाई रिक्षा करून थेट वर्कशॉपात आल्या, पदर बाजूला करून गाल दाखवला आणि म्हणाल्या, "ही बाजू ठणकतेय गं रात्रीपासून." मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, समजावलं आणि त्याच रिक्षानं दवाखान्यात पाठवलं. निघताना त्यांनी आमच्या मिलिंग मशीनकडे डोळे मोठे करून पाहिलं. "एवढ्या मोठ्यानं काढता होय?" म्हणाल्या.

आम्ही दात काढत नाही, घालतो. चाकाचे. लेथ, शिलाई मशीन, पापड लाटायचं मशीन, उसाच्या रसाचा गाडा, जिथे एक चाक दुसऱ्या चाकाला फिरवतं तिथे दात असतात आणि कधी ना कधी ते झिजतात किंवा तुटतात. मग गिऱ्हाईक ते चाक पिशवीत घालून आणतं आणि सांगतं, "सेम टू सेम बनवा." उल्हासनगरच्या एका जीन्स शिवणाऱ्या शेठनं तर अर्धंच चाक आणलं होतं. बाकीचं कुठे, विचारलं तर म्हणाला, "दीदी, आधा मिला, आधा मशीन खा गया." अर्ध्या चाकावरून पुरं चाक उभं करणं ही आमची रोजची भाकरी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दात कापणं अवघड. ते सोपं असतं. सारखे कापणं अवघड. भाकरीचे चार तुकडे कुणीही करेल, आठ करेल. सात सारखे करून दाखवा म्हटलं की हात थबकतो. आमच्याकडे या कामाला डिव्हायडिंग हेड असतं. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की त्यावर बसवलेलं चाक बरोबर एकदा फिरतं. चाळीस दात हवेत? दर दाताला एक फेरा. ऐंशी हवेत? अर्धा फेरा. याहून बारीक वाटणीसाठी हँडलच्या मागे एक गोल प्लेट असते, तिच्यावर भोकांच्या रांगा. इतकी भोकं मोजा, खुंटी घाला, दात कापा, पुढे चला.

ज्या संख्येला भाग जातो ती अशी वाटता येते. पण मूळ संख्या नावाची एक जात आहे. तिला स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कुणी भागत नाही. लहान मूळ संख्यांची भोकं प्लेटवर तयार मिळतात. मोठी आली की कुठलीच प्लेट उपयोगी पडत नाही. मग आम्ही थोडी लबाडी करतो. तिच्या शेजारची एखादी समजूतदार संख्या पकडतो, हँडल तिच्या हिशोबानं फिरवतो आणि मागची प्लेटच चार चाकांनी अशी जोडतो की दर दाताला ती स्वतःहून केसभर सरकेल. तेवढ्या सरकण्यात सगळा फरक भरून निघतो. प्लेट पुढे सरकवायची की मागे, हे मध्ये एक साधं चाक जास्त घातलं की नाही यावर ठरतं. त्याला आयडलर म्हणतात. हा आयडलर लक्षात ठेवा.

आमच्या भागात सगळ्यात जास्त कापली जाणारी मूळ संख्या म्हणजे एकशे सत्तावीस. कारण मजेदार आहे. उल्हासनगरात जुने इंग्लिश लेथ खूप, आणि ते इंचावर चालतात. आजचे स्क्रू मिलिमीटरचे. एका इंचाचे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांचे एकशे सत्तावीस. या दोघांची सोयरीक जमवायची तर एकशे सत्तावीस दातांचं चाकच लागतं. त्याला भाग जात नाही, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या चाकांची जोडी त्याच्या जागी चालत नाही. आम्ही ती चाकं इतकी कापली की इस्माईलभाई डोळे मिटून जोडणी करतात. शेजारची संख्या एकशे वीस, प्लेट उलटी, मध्ये आयडलर.

मला या धंद्यात आणलं ते याच संख्येनं, आणि त्याच्याही आधी भोईर सरांनी.

मी अंबरनाथच्याच बुवापाड्याची. वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते. शाळेत मी मागच्या बाकावर बसायचे. मला कुणी तिथे बसवलं नव्हतं, पण पुढे यायलाही कुणी सांगितलं नव्हतं. गणिताला भोईर सर होते, बदलापूर गावातले, घरची भातशेती. एक दिवस त्यांनी आठ मुलांना गोल बसवलं आणि एकाच्या हातात चिंचोका दिला. "एकाला सोडून पुढच्याला द्या," म्हणाले. चिंचोका फिरून पहिल्याकडे आला. सरांनी विचारलं, "कोण राहिलं?" चार हात वर झाले. अर्ध्या मुलांना चिंचोका मिळालाच नव्हता. मग सर मागच्या बाकाशी आले. "तुम्ही तिघी चला गोलात." आता आम्ही अकरा झालो. एकाला सोडून द्या, दोघांना सोडून द्या, पाच जणांना सोडून द्या. चिंचोका प्रत्येकाच्या हाताला लागल्याशिवाय परत पहिल्याकडे जाईना. दर वेळी सर विचारायचे, "कोण राहिलं?" आणि एकही हात वर होत नव्हता. "ही मूळ संख्या," सर म्हणाले. तो चिंचोका हातात आल्यावर मला काय वाटलं ते अजून आठवतं. मला फार बरं वाटलं होतं, एवढंच सांगते.

पुढे मी आयटीआयला मशिनिस्ट झाले आणि काम मागायला उल्हासनगरच्या लछमनदास शेठकडे गेले. गिअर कापणारे तिथे ते एकटेच. मुलगी बघून ते गोंधळले, नाही म्हणायला शब्द शोधू लागले. नुसतं वेळ काढायला म्हणून त्यांनी विचारलं, "एक सौ सत्ताईस किस से कटता है, मालूम है?"

मी म्हटलं, "किसी से नहीं कटता."

शेठ म्हणाले, "कल से आ जा. बाल बाँध के आना." पुढे त्यांनी मला हाताला धरून शिकवलं, आणि म्हातारपणी धंदा आवरताना डिव्हायडिंग हेड आणि इस्माईलभाई हे दोन्ही माझ्याकडे सोपवले. त्यातलं कुठलं जास्त जपून वापरायचं हेही सांगितलं. असा मालक मिळायला नशीब लागतं.

शाळा सुटल्यावरही सरांशी संबंध सुटला नाही. मी एकशे सत्तावीस कापते हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला होता. "अगं, ही घराणेदार संख्या आहे," म्हणाले. "दोनाचा वर्ग, त्यातून एक वजा कर, तीन. दोनाचा तिसरा घात, एक वजा, सात. दोनाचा सातवा घात, एक वजा, एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ. आणि दोनाचा एकशे सत्ताविसावा घात घेऊन एक वजा केलास तर एकोणचाळीस आकडी संख्या येते. तीही मूळ! कॉम्प्युटर नव्हता तेव्हा एका माणसानं कागदावर सिद्ध केलं."

"आणि त्याच्या पुढची, सर?"

"त्याच्या पुढची मूळ आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. इतकी मोठी आहे की लिहायला जगातला कागद पुरणार नाही." हे सांगताना सर इतके खूश होते की जणू ती न उलगडणारी संख्या त्यांच्याच शेतात पुरली आहे.

सरांना गणिताइतकंच दुसरं वेड होतं, आकाशाचं. त्यांनी स्वतः काच घासून दुर्बीण बनवली होती. नळी प्लास्टिकच्या पाइपची, बेअरिंग स्कूटरचं. हिवाळा लागला की ती टेम्पोत घालून वांगणीच्या पलीकडे डोंगराखालच्या एका वाडीवर न्यायचे आणि शाळेच्या अंगणात लोकांना ग्रह दाखवायचे. मी कधी कधी मदतीला जायचे. दुर्बिणीत एक अडचण असते. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी धरला की मिनिटाभरात तो काठावर जातो आणि निसटतो. म्हणून सरांचा एक हात सतत एका बारीक स्क्रूवर असायचा. माणसं रांगेनं बघायची आणि सर बाजूला उभे राहून स्क्रू फिरवत ग्रह धरून ठेवायचे. वाडीवरच्या सोनीआजीला डोळा लावायलाच वेळ लागायचा. दर वर्षी ती ओरडायची, "मास्तर, तुजा चांद पलाला!" आणि सर हसून पुन्हा धरायचे.

मग सरांचा हात थरथरायला लागला. कंपवात. औषधानं थोडा आवरतो, पण ज्या हाताला केसभर स्क्रू फिरवायचा आहे त्याला थोडा आवरून भागत नाही. गेल्या हिवाळ्याच्या आधी सर वर्कशॉपात आले ते रिक्षातून, काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बरोबर घेऊन, आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर शाळेचा टोल! पितळेची जाड तबकडी, जिच्यावर शिपाई लाकडी हातोडी मारायचा आणि आम्ही सुटायचो. शाळेत इलेक्ट्रिकची बेल आल्यावर तो अडगळीत पडला होता, सरांनी निवृत्तीच्या वेळी शालीऐवजी मागून घेतला.

"यावर दात कापायचे," सर म्हणाले. "तीनशे एकोणसाठ."

"तीनशे साठ केले तर, सर? एकच दात इकडे तिकडे. प्लेटवर सरळ बसतात."

"तीनशे साठ सूर्याला चालतील. ताऱ्यांना नाही चालणार." मग त्यांनी थरथरत्या बोटानं टेबलावरच्या पितळी भुशात आकडे काढले. सूर्य चोवीस तासांनी त्याच जागी येतो, पण तारा चार मिनिटं आधीच येतो. तेवीस तास छप्पन्न मिनिटं, म्हणजे चौदाशे छत्तीस मिनिटं. सरांकडे एक छोटी मोटर होती, चार मिनिटांत एक फेरा घेणारी. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे, दांड्याचा एक फेरा झाला की चाक एक दात सरकणार. चौदाशे छत्तीसला चारानं भागा. "वरची चार सेकंदं आकाशाला माफ," सर म्हणाले. "चाक बरोबर असेल तर दुर्बीण ताऱ्याबरोबर आपली आपण फिरेल. रात्रभर हात लावायला नको."

मी म्हटलं, "सर, मी येते की स्क्रू फिरवायला. किंवा वाडीवरचं कुणीही शिकेल."

"जो स्क्रू फिरवतो, तो रांगेत नसतो," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला का बाहेर उभं करू?"

ते हात धुवायला गेले तेव्हा काकू माझ्याजवळ सरकल्या. त्या आपल्या आगरी बोलीत बोलतात. "काय सांगू बाय तुला. इतकी वर्सं लोकांना दाखवतान, पन सवता त्यांनी कदी धड बघलंय नाय. हात गुंतलेला ना. शेवटी सगली गेली का येवढासा डोला लावतान, तवर तो निसटतंय." मग म्हणाल्या, "आता मान पन हलाया लागलीय. यंदा बघतील तं बघतील."

शनी संध्याकाळी दिसतो तो ठरावीक महिनेच. मग तो मावळतीकडे कलत जातो आणि उजेडात बुडतो. म्हणजे आमच्या हातात फार दिवस नव्हते, आणि तबकडी एकच होती.

काम सुरू करण्याआधी सरांनी टोलावर एकदा हातोडी मारली. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर बाहेर डोकावला. मग आम्ही तबकडी लेथवर चढवली, टांगायचं भोक होतं तेवढा काठ उतरवला आणि ती डिव्हायडिंग हेडवर बांधली.

शेजारची संख्या तीनशे साठ धरली. प्लेट सरकवायला लागणाऱ्या चार चाकांत बहात्तर दातांची दोन लागत होती आणि आमच्याकडे एकच होतं. गिअरच्या दुकानात गिअर कमी पडावा! दुसरं बहात्तरचं आधी कापून घेतलं. मग मी जोडणी केली, इस्माईलभाईंनी तपासली. आमची पद्धत अशी की आधी कटर नुसता टेकवत चाकभर खुणा करायच्या. शेवटची खूण पहिलीवर बरोबर आली की वाटणी जमली, मग खोल कापायचं.

शेवटची खूण पहिलीवर अशी बसली की नखसुद्धा अडकेना. इस्माईलभाई म्हणाले, "दीदी, मक्खन के माफिक मिला है." आम्ही चहा मागवला आणि मग सावकाश, दोन दिवस, दात कापले. पितळ सुंदर कापलं जातं. चाक तयार झालं तेव्हा जेवणाच्या ताटाएवढी सोन्याची चकती दिसत होती.

शेवटची तपासणी राहिली होती. दात नीट भिडतात का हे बघायला आम्ही एक लहान चाक त्याच्यावर फिरवतो आणि त्याच्या एका दाताला निळा रंग लावतो. लहान चाक एकोणीस दातांचं होतं. त्याचा निळा दात मोठ्या चाकावर एकोणीस-एकोणीस दातांवर ठिपके टाकत गेला. एक फेरा झाला. दुसरा सुरू झाला. ठिपक्यावर ठिपका. तिसऱ्या फेऱ्यातही निळा दात जुन्याच ठिपक्यांवर जाऊन बसला. बाकीचे दात कोरे.

इस्माईलभाई खूश होते, किती एकसारखं चालतंय. मी मात्र चाक थांबवलं. निळा चिंचोका त्याच त्याच पोरांच्या हातात जात होता. बाकीची राहिली होती. तीनशे एकोणसाठ ही मूळ संख्या, तिच्यात असं होताच कामा नये, दर फेऱ्याला ठिपका दोन दात सरकायला हवा आणि शेवटी एकही दात कोरा राहता कामा नये. "भाई," मी म्हटलं, "ये तीन सौ उनसठ नहीं है."

मोजले. तीनशे एकसष्ट. एकोणीस गुणिले एकोणीस.

जोडणीकडे गेलो तर तो बसला होता, आयडलर. एकशे सत्तावीसला शेजारची संख्या लहान असते, म्हणून प्लेट उलटी लागते. इथे शेजारची संख्या मोठी होती, प्लेट सुलटी हवी होती. इतकी वर्षं एकशे सत्तावीस कापून माझ्या हातांना तो आयडलर घालायची सवय झाली होती, आणि इस्माईलभाईंच्या डोळ्यांना तो तिथे बघायची. प्लेट उलटी गेली, तीनशे साठातला एक दात कमी व्हायच्या ऐवजी एक वाढला. आणि वाटणी तर बरोबर जुळलेलीच होती, फक्त दुसऱ्याच संख्येची. इस्माईलभाई कपाळाला हात लावून खाली बसले.

दोन दात जास्त म्हणजे काही आकाश कोसळत नाही. तसं चाक लावलं असतं तर शनी दोन तासांत काठावर गेला असता आणि मग कुणीतरी हात लावला असता. पण हात लागूच नये म्हणून तर सगळा खटाटोप होता.

सरांना फोन करायची हिंमत होईना, म्हणून बदलापूरला घरीच गेले. सर ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते आधी हसले. "तीनशे एकसष्ट? एकोणिसाचा वर्ग! म्हणजे अगदी शेजारच्या घरात शिरलात." मग त्यांनी विचारलं, "पण कळलं कसं? खूण तर जुळली होती."

मी निळ्या ठिपक्यांचं सांगितलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना पुसता येईना, हात चष्म्याशी नीट पोहोचेना. काकूंनी पदरानं पुसलं. "चिंचोका," ते एवढंच म्हणाले.

टोल जाड आणि मोठा होता म्हणून वाचलो. आम्ही ते सगळे दात लेथवर उतरवून टाकले, चाक आणखी लहान केलं आणि अधिक बारीक दातांचा कटर घेतला. मोटरचा दांडाही नव्यानं करावा लागला. त्याचे आटे मिलिमीटरचे, लेथ इंचाचा. इस्माईलभाईंनी भिंतीवरचं एकशे सत्तावीसचं चाक काढलं, त्याला "तेरे चक्कर में ही फँसे थे," असं ऐकवलं आणि लावलं. या वेळी आयडलर कपाटात कुलूप लावून ठेवला होता. खुणा जुळल्या तरी मी मोजल्या, इस्माईलभाईंनी मोजल्या, आणि मग आमचं दोघांचं सारखं येतं की नाही यावर भांडण झालं म्हणून वेल्डरला बोलावून मोजून घेतल्या. दात कापून झाल्यावर निळा रंग लावला. पहिल्या फेऱ्यानंतर ठिपका दोन दात पुढे पडला. मग आणखी दोन. आम्ही फिरवतच राहिलो. सगळं चाक निळं झाल्यावर थांबलो.

आता सीएनसी मशीनं आलीत. आकडा टाइप केला की झालं. त्या मशीनला मूळ संख्या आणि बाकीच्या संख्या सारख्याच. काम लवकर होतं, चुकत नाही, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त कुठली संख्या हट्टी आहे हे नव्या लोकांना कधी कळणार नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

वाडीवर गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शाळेच्या वऱ्हांड्यातून मोटरसाठी वायर ओढली, अंगणातले बल्ब बंद केले. इस्माईलभाईही आले होते, आपलं चाक वर बघतं की खाली, हे बघायला. सरांनी शनी धरून दिला. म्हणजे ते सांगत होते आणि मी धरत होते. मोटर सुरू केली आणि सगळे हात बाजूला घेतले. टिचकीएवढासा आवाज येत होता. मिनिट झालं, पाच मिनिटं झाली. शनी मधोमध, जिथे ठेवला तिथेच.

रांग लागली. त्या वर्षी शनीचं कडं आपल्या बाजूला आडवं झालेलं, सुईसारखं पातळ दिसत होतं. पहिली सोनीआजी. तिनं निवांत पदर सावरला, एक डोळा लावला, मग दुसरा लावून बघितला, मग पुन्हा पहिला. "मन्यात सुई घातलीय," ती म्हणाली. मग डोळा न काढताच, "मास्तर, यो पलत नाय!"

"आज नाही पळणार आजी. बघा तुम्ही."

"कोनी धरलाय?"

सरांनी माझ्याकडे आणि इस्माईलभाईंकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे ते सगळ्या अंगणाकडेच केल्यासारखं झालं.

बायका आल्या, पुरुष आले, कडेवरची पोरं आली. कुणाला घाई नव्हती. इस्माईलभाईंनी बघितलं आणि "सुभानअल्लाह" म्हणाले. काकूंनी बघितलं. मीही बघितलं. सर नेहमीच्या जागी, दुर्बिणीच्या उजव्या बाजूला उभे होते, स्क्रू होता तिथे. फक्त हात रिकामे होते. मग रांग संपली, आणि सरांनी सवयीनं विचारलं, "कोण राहिलं?"

एकही हात वर झाला नाही. सोनीआजी पायरीवर बसली होती, तिथूनच म्हणाली, "तूच रायलास रं मास्तर."

मी स्टूल पुढे केलं. सर बसले. काकू मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरांचं डोकं आपल्या दोन्ही हातांत अलगद धरलं, मान हलू नये म्हणून. सरांनी हात मांडीखाली दाबून घेतले, शाळेतली पोरं घेतात तसे, आणि डोळा लावला. अंगणात शाळेच्या टोलाचं चाक दात-दात पुढे सरकत होतं. सर बघत होते. बघता बघता त्यांच्या तोंडून "अगं... अगं..." एवढंच येत होतं. बाकीचे आम्ही सगळे तिथेच उभे होतो, आणि त्यांना आता उठा म्हणायला रांगेत कुणीच नव्हतं.